ऑडिट, खोटी तारीख आणि वरून येणारं शहाणपण

पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

ताई, मी 36 वर्षांचा, मूळचा अहिल्यानगर जिल्ह्यातला. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत सीनियर इंजिनिअर आहे. आम्ही गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवतो. दोन बोअर गेजचं (छिद्राचा आतला व्यास मोजणारी उपकरणं) कॅलिब्रेशन, म्हणजे ती अचूक मोजतात का याच्या तपासणीची मुदत, तीन महिन्यांपूर्वी संपलं, ते करून घ्यायचं राहिलं आणि आता ग्राहक कंपनीचं ऑडिट तोंडावर आलं आहे. साहेब म्हणतात, "रेकॉर्डमध्ये जुनी तारीख टाक, सही कर, ऑडिट झालं की खरं करून घेऊ. सगळेच करतात." मी ख्रिस्ती आहे हे सगळ्यांना माहीत आहे, शॉपवर मला गमतीने 'पास्टर' म्हणतात. खोटी सही केली तर माझी साक्ष, म्हणजे वागण्यातून श्रद्धेची दिलेली ग्वाही, जाईल. नाही केली तर नोकरी जाईल. घराचे हप्ते चालू आहेत. प्रार्थना करून बायबल उघडलं तर "दासांनो, धन्यांच्या आज्ञा पाळा" हेच वचन आलं. पाळकसाहेब म्हणाले, देवावर भरवसा ठेव. प्रार्थनासभेतला मित्र म्हणतो, राजीनामा दे, देव दुसरं दार उघडेल. भर म्हणजे, दर वर्षी खंडेनवमीला मशीनची पूजा असते तेव्हा मी रजा टाकतो, त्यामुळे लोक आधीच दुरावलेत. शास्त्र म्हणतं, ज्ञान हवं असेल तर देवाजवळ मागा. मी मागतोय. मग देव स्पष्ट का बोलत नाही?

उत्तर:

प्रिय भाऊ,

ऑडिटची तारीख जवळ होती म्हणून तातडीचं तेवढं तुम्हांला आधीच कळवलं. पण तुमचा प्रश्न एका ऑडिटपुरता नाही. हॉस्पिटलमध्ये न तपासलेला बीपी चार्टवर भरायला सांगितलेली नर्स, म्हातार्‍या खातेदाराच्या गळ्यात विमा मारायला लावलेला बँकेतला मुलगा, पटावरची हजेरी फुगवायला सांगितलेल्या बाई, अशांची पत्रं मला येतच असतात. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ते वचन. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ती ओळ आपली, ही सवय आपल्या घराघरांत आहे. मी तिची थट्टा करणार नाही. रात्री झोप लागत नसली की माणूस आधार शोधतोच. पण तुमचं बोट कलस्सैकरांस पत्रात 3:22 वर पडलं आणि तुम्ही तिथेच थांबलात. ते वचन शेवटपर्यंत वाचा. माणसांना खूश करण्यापुरती तोंडदेखली चाकरी करू नका, असं त्याच वाक्यात म्हटलंय. साहेबांना खूश करायला खोट्या तारखेवर सही करणं ही तोंडदेखली चाकरी नाही तर दुसरं काय? आणखी चार वचनं पुढे जा, तिथे धन्यांनाही बजावलंय की न्यायाने वागा, स्वर्गात तुमचाही धनी आहे. शिवाय ते पत्र विकत घेतलेल्या गुलामांना उद्देशून होतं. तुमच्याकडे नेमणूकपत्र आहे, पीएफ आहे, नोटीस पिरियड आहे.

एकेक वचन सुटं काढून सल्ला मागितला तर काय होतं याचा नमुना नीतिसूत्रांच्या 26व्या अध्यायातच आहे. चौथं वचन म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको. पाचवं म्हणतं, दे. एकाखाली एक, आणि संकलन करणार्‍यांनी त्यांतलं एकही काढलं नाही. कारण कुठल्या मूर्खाला कधी उत्तर द्यायचं हे वाचणार्‍याने ठरवायचंय. राजा शलमोनाला ज्ञान मिळालं ते स्वप्नात, पण जागा झाल्यावर एकाच बाळावर हक्क सांगणाऱ्या त्या दोन बायांचं भांडण त्याला स्वतःलाच सोडवावं लागलं.

"देव स्पष्ट का बोलत नाही?" भाऊ, जे स्पष्ट आहे ते तुम्हांला आधीच कळलंय. न झालेल्या कॅलिब्रेशनची तारीख लिहायची नाही. यासाठी खूण लागत नाही, दर्शन लागत नाही. नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो असं म्हटलंय आणि बोअर गेज हा तराजूच आहे. तुम्ही देवाकडे उत्तर मागत नव्हता, सुटका मागत होता, असं मला पत्र वाचताना वाटलं. तीही मागावी, त्यात लाज नाही. पण याकोबाच्या पत्रात जे ज्ञान मागायला सांगितलंय ते पुढच्या पायरीचं आहे. काय करायचं नाही हे ठरल्यावर, मग काय करायचं, कुणाशी, कुठल्या शब्दांत? तिथे तुम्ही अजून विचारच केलेला नाही, कारण तुम्ही दोनच वाटा मांडल्यात: सही करा किंवा घरी जा.

आणखी एक गोष्ट बोलते, रागावू नका. तुमच्या मूळ पत्रात 'माझी साक्ष' हे शब्द सहा-सात वेळा आलेत. त्या ब्रेकवर भरवसा ठेवून लेकरंबाळं घेऊन घाट उतरणारा माणूस एकदाही आलेला नाही. साहेबांच्या पत्रात (ते लिहिते तर) कंपनीची अब्रू असती, तुमच्या पत्रात तुमची आहे. गेज चुकीचं मोजत असेल तर तीन महिने निघालेला माल कुठे गेला, कुठल्या गाडीत बसला, हा प्रश्न पहिला. ख्रिस्ती म्हणून आपण कसे दिसतो याची काळजी आपल्या लहानशा समाजात मुरलेली आहे. चारचौघांत आपल्याकडे बोट दाखवलं जातं, ते मला कळतं. पण शेजार्‍याची काळजी केली की साक्ष आपोआप सांभाळली जाते. उलटं होईलच असं नाही.

आता दानीएल, बायबलमधला, बाबेलच्या दरबारात नेलेला यहुदी तरुण. त्याची गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये सिंहांच्या गुहेपर्यंत ऐकतो आणि पहिला अध्याय घाईने उलटतो. नोकरदार माणसासाठी खरा अध्याय तोच आहे. बाबेलच्या राजाच्या पंगतीचं अन्न खायचं नाही असं त्याने मनाशी ठरवलं. मग त्याने उपोषण मांडलं नाही, राजीनामा दिला नाही, कुणाला पापी म्हटलं नाही. तो खोजांच्या सरदाराकडे गेला आणि विनंती केली. त्या सरदाराचं उत्तर नीट ऐका: मला माझ्या स्वामीची, राजाची भीती वाटते; तुमचे चेहरे उतरलेले दिसले तर माझं डोकं जाईल. म्हणजे अडचण अन्नाची नव्हती, वरच्या माणसाच्या भीतीची होती. दानीएलाने ती ओळखली. मग त्याने कारभार्‍यापुढे एक बेतशीर प्रस्ताव ठेवला: 10 दिवस आम्हांला भाजीपाला आणि पाणी देऊन बघा, मग आमचे चेहरे इतरांशी ताडून पाहा आणि तुम्हीच ठरवा. मुदत ठरलेली, निकाल डोळ्यांनी दिसणारा, आणि त्या माणसाचं डोकं सुरक्षित. तत्त्व तसूभर हललं नाही, पण त्या तत्त्वाचं ओझं दुसर्‍याच्या मानेवर टाकलं नाही.

तुमचे साहेब कशाला भितात? तुम्ही त्यांना 'जगिक माणूस' म्हणून मोकळे झालात. माझा अंदाज असा, की कॅलिब्रेशनचं वेळापत्रक पाहणं त्यांच्या खात्याचं काम होतं, ते निसटलं आणि प्लँट हेडला सांगायची त्यांची छाती होत नाही. खोटी तारीख ही त्यांची त्या खोलीत न शिरण्याची युक्ती आहे. तुमच्याकडे दुसरी युक्ती असेल तर ते ऐकतील, निदान ऐकण्याची शक्यता तरी आहे. नुसता 'नाही' घेऊन गेलात तर ते कोपर्‍यात सापडतील आणि कोपर्‍यातला माणूस चावतो.

म्हणून प्रार्थनेला बसण्याआधी, किंवा बसून उठल्यावर, माहिती गोळा करा. ही दोन गेज कुठल्या लाइनवर, कुठल्या मापासाठी वापरली गेली? तेच माप दुसर्‍या, कॅलिब्रेशन चालू असलेल्या उपकरणाने तपासलं जात होतं का? शेवटचं खरं प्रमाणपत्र कधीचं आणि त्यात गेजची चूक मर्यादेच्या किती आत होती? भोसरी-चिंचवड पट्ट्यात एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळा आहेत; तातडीने करून किती दिवसांत देतील, खर्च किती, फोन करून विचारा. गेज आज लाइनवरून काढून त्याला 'वापरू नये'चं लेबल लावा. आयएसओ 9001 या गुणवत्ता व्यवस्थेच्या मानकाची अपेक्षाही हीच आहे: उपकरण बिघडलेलं आढळलं तर त्याने आधी घेतलेल्या मापांवर काय परिणाम झाला हे कंपनीने तपासायचं. गेज बरोबर निघालं तर तीन महिन्यांचा माल बहुधा ठीक आहे आणि ऑडिटमध्ये एक एनसी (नियमपालनातल्या त्रुटीची नोंद) मिळेल: कारण शोधा, सुधारणा करा, कळवा. गेज चुकीचं निघालं तर प्रश्न मोठा आहे, पण मग तो लपवणं आणखीच भयंकर.

राहून गेलेलं कॅलिब्रेशन आणि बनावट कॅलिब्रेशन यांत ऑडिटरच्या लेखी जमीनअस्मानाचा फरक असतो. पहिल्यात व्यवस्था ढिली पडते, दुसर्‍यात तुमच्या एकाही कागदावर विश्वास उरत नाही. "सगळेच करतात" म्हणणार्‍या साहेबांना कोबे स्टीलचं उदाहरण सांगता येईल. 2017 मध्ये या जपानी कंपनीने कबूल केलं की अॅल्युमिनियम-तांब्याच्या मालाच्या तपासणीचे आकडे बदलून तो ग्राहकांना पाठवला जात होता. ग्राहक कंपन्या 500 हून अधिक निघाल्या, 2018 मध्ये प्रमुखांना पायउतार व्हावं लागलं. पुढच्या चौकशीत हे प्रकार 1970 च्या दशकापर्यंत मागे गेले. तिथे कुणी दुष्ट माणूस एका दिवशी बसून कट रचत नव्हता. पुढच्या आठवड्यात खरं करून घेऊ म्हणणारी माणसं होती, एकामागून एक.

साहेबांशी एकांतात बोला, शिफ्ट सुटताना नव्हे, सकाळी. असं काहीतरी: "सर, मी ही तारीख टाकू शकणार नाही. पण तुम्ही अडचणीत यावं असंही मला वाटत नाही. गेज बाहेर काढलंय. लॅबशी बोललोय, ऑडिटच्या आत प्रमाणपत्र हातात येईल. गॅप दिसेल. त्या गॅपवर आपणच आधी रिपोर्ट लिहून ठेवू, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं तेही लिहू. प्लँट हेडकडे मी तुमच्याबरोबर येतो." यात बायबल नाही, बघा. "माझा धर्म परवानगी देत नाही" असं म्हणालात की गोष्ट तुमच्या धर्माची होते, गेजची राहत नाही. साहेब म्हणतील, ठीक, मग दुसर्‍याकडून सही घेतो. खोट्या मापाला नकार द्यायला ख्रिस्ती असावं लागत नाही.

माझा अंदाज आहे की तुमच्या खात्यात असा नकार आधी कुणीतरी दिलेला असेल. कुणी जुनाजाणता इन्स्पेक्टर, कपाळाला टिळा लावणारा, वारीला जाणारा. त्याला विचारलंत? तुमच्या पत्रातले सगळे सल्लागार मंडळीतले (चर्चमधले) आहेत आणि त्यांच्यापैकी कुणी बोअर गेज हातात धरलेलं दिसत नाही. "देवावर भरवसा ठेव" हे पाळकसाहेबांचं म्हणणं खोटं नाही, पण त्याने सोमवारी सकाळी काय बोलायचं हे कळत नाही. इस्राएलाचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे मिटवत बसायचा. हे चांगलं नाही, तू थकशील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम, असं त्याला सांगितलं ते त्याच्या सासर्‍याने, इथ्रोने. आणि इथ्रो मिद्यानाचा याजक होता, इस्राएलाबाहेरचा. ज्या मोशेशी देव बोलत असे, त्याला ऑफिस कसं चालवायचं हे परक्याने शिकवलं, आणि त्याने ते मुकाट ऐकलं. नीतिसूत्रांच्या 22व्या अध्यायापासून सुरू होणार्‍या एका भागाचं इजिप्तच्या जुन्या आमेनेमोपेच्या बोधवचनांशी किती साम्य आहे, हे 1924 मध्ये आडोल्फ एर्मान या जर्मन अभ्यासकाने दाखवलं. आपल्याकडे काहींना हे ऐकून दचकायला होतं. मला त्यात दिलासा वाटतो. देवाचं शहाणपण आपल्याच कुंपणात वाढतं असा दावा शास्त्रानेच केलेला नाही.

आणि सल्ला मंडळीतला असो की शॉपवरचा, तो तपासायची जबाबदारी तुमची. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडला वाँटेज इथे झाला, आणि त्यानंतर ज्या भगिनींनी (ख्रिस्ती संन्यासिनींनी) त्यांना आश्रय दिला त्यांच्याशीच त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या: मलाही विवेक आहे, बुद्धी आहे, दुसर्‍याने सांगितलं म्हणून मी मानणार नाही. त्या भगिनींना हा गर्व वाटला. मला ती प्रौढ श्रद्धा वाटते.

राजीनाम्याबद्दल. मित्राच्या म्हणण्यात तळमळ आहे, पण हप्ते त्याला भरायचे नाहीत. आपल्या मंडळीत कॅथलिक संतांची नावं फारशी निघत नाहीत, तरी इग्नेशियस लोयोलाचं एक सूत्र मी अनेकांना सांगत आलेय: मन काळवंडलेलं असताना आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. त्यांनी आणखी एक युक्ती सांगितली. जो माणूस तुम्ही कधी पाहिला नाही पण ज्याचं भलं व्हावं असं तुम्हांला वाटतं, तो नेमका तुमच्याच पेचात आहे असं समजा. त्याला काय सांगाल? कागदावर लिहून काढा. बहुतेकांच्या हातून स्वतःसाठी सुचत नव्हतं ते या कागदावर उतरतं. दोन दिवसांनी तो कागद बायकोला वाचून दाखवा. अहो, पत्रात त्या कुठेच नाहीत! घर त्यांचंही आहे. कदाचित त्या तुमच्यापेक्षा कमी घाबरलेल्या असतील, आणि जास्त घाबरलेल्या असल्या तरी तेही तुम्हांला कळायला हवं.

साहेबांनी ऐकलं नाही तर? तरी सही करू नका. तुमचं म्हणणं आणि तुमचा पर्याय त्यांना मेलवर थोडक्यात कळवा, आरोपाचा एकही शब्द न घालता. प्रत तुमच्याकडे राहू द्या. मोठ्या ग्राहक कंपन्यांच्या पुरवठादारांकडे तक्रारीची अधिकृत वाट बहुधा असते, ती कुठे आहे ते पाहून ठेवा, पण प्लँट हेडला सांगायच्या आधी तिकडे धावू नका. दुसर्‍या कुणाकडून सही घेतली गेली आणि तो माल संशयास्पद आहे हे तुम्हांला ठाऊक असेल, तर मात्र गप्प बसता येणार नाही; तिथे घाटातला तो माणूस पुन्हा आठवा. आणि हो, बायोडेटा आजच नीट करा, ओळखीच्यांना सांगून ठेवा, तीन-चार महिन्यांच्या हप्त्यांची तजवीज सुरू करा. हा अविश्वास नव्हे. बाजूला थोडी शिल्लक असलेल्या माणसाचा 'नाही' जास्त शांत आवाजात निघतो. किंमत मोजावी लागणारच नाही असं मी म्हणत नाही. नीट बोलूनही बढती अडते, कधी नोकरीही जाते, आणि ते दुसरं दार उघडायला वर्ष लागू शकतं. मंडळीतल्या कुणी तुम्हांला हे सांगितलं नसेल तर मी सांगते.

उरली खंडेनवमी. तुम्ही पुरवणी म्हणून लिहिलीत, पण साहेबांशी होणारं बोलणं या गोष्टीवर अवलंबून आहे. दर वर्षी त्याच दिवशी रजा टाकणारा माणूस आपल्याला कमी लेखतो असं लाइनवरच्या पोरांना वाटत असेल, तर उद्या गेजवरून तुम्ही अडून बसलात की तेही 'पास्टरचं नेहमीचं' ठरेल. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा प्रश्न पौलाने करिंथकरांच्या पत्रात किती उलटसुलट तपासलाय ते वाचा. एकीकडे मूर्तिपूजेपासून दूर पळा, दुसरीकडे विश्वास न ठेवणार्‍याने जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, उगाच चौकशी करू नका. अरामाचा सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला विचारतो, राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा होईल ना? अलीशा प्रवचन देत नाही. शांतीने जा, एवढंच म्हणतो. म्हणून सगळं चालतं असा अर्थ मी काढत नाही, आणि तुमच्या मंडळीचं मत माझ्याहून कडक असू शकतं. हात जोडायचे की नाही हे तुमच्या विवेकावर सोडते. पण मशीन पुसायला, झेंडूची तोरणं बांधायला, सगळ्यांबरोबर चहा-फराळाला थांबायला काय हरकत आहे? प्रसाद घ्यायचा नसेल तर हसून सांगा, पण त्या दिवशी तिथे असा. नाताळचा फराळ तुम्ही शॉपवर नेता का? नेत नसाल तर या डिसेंबरला करंज्यांचा डबा जरा मोठा न्या, आणि पहिली करंजी त्या वारीला जाणार्‍या इन्स्पेक्टरला द्या. साहेबांच्या केबिनमध्ये जायच्या आधी मात्र त्या इन्स्पेक्टरशी बोलून घ्या, ते डिसेंबरपर्यंत थांबवू नका, उद्याच बोला.

तुमची,
ताई